मयूरपिच्छाचे मूळ पाहावे
हिक्का व छर्दीमध्ये मयूरपिच्छमषी आपण मधासह देतो. पिच्छाची रचना मात्र क्वचितच पाहतो. केस व नखांप्रमाणे पीसही त्वचेपासून उत्पन्न होते व केराटिनचे असते. चंद्रकाची निळाई मेलॅनिनच्या सूक्ष्म दांड्यांच्या मांडणीमुळे दिसते. मषी करताना ती नष्ट होते, म्हणून परीक्षा कच्च्या मालाचीच करावी. वाढत्या पिसाच्या मुळात रक्तवाहिन्या असतात. वाढ पूर्ण होताच त्या आटतात, आणि वर्षाऋतूच्या सुमारास आपोआप गळणाऱ्या पिसाची नळी कोरडी, पोकळ व स्वच्छ असते. उपटलेल्या पिसाच्या मुळाशी बहुधा रक्ताचा वा त्वचेचा अंश आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराची शिकार गुन्हा ठरविली, परंतु पिसाऱ्याच्या पिसांच्या देशांतर्गत व्यापारास मुभा ठेवली. पळवाट ती हीच. मुळे कापलेली जुडी कितीही स्वस्त असो, आम्ही परत करतो.