जिल्ह्याच्या नावावरचं कर्ज नक्की कुणाचं?

"निळवंड्याचे कालवे साईबाबांच्या पैशातून झाले," असं संगमनेर-राहाता पट्ट्यात अनेकदा छातीठोकपणे सांगितलं जातं. ऐकायला गोड आहे, हिशेबात मात्र बसत नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाकडून निळवंडे प्रकल्पाच्या कालव्यांसाठी 500 कोटी रुपये घेण्याचं 2018 मध्ये ठरलं, हे खरं. पण ते ठरलं बिनव्याजी कर्ज म्हणून. प्रकल्प गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचा, आणि फेडण्याची जबाबदारी राज्य सरकारची. देवस्थानचा पैसा कालव्याला का, यावर त्या वेळी भरपूर रान उठलं. त्या गदारोळात 'कर्ज' हा शब्द मागे पडला आणि लोकांच्या लक्षात 'दान' राहिलं.

आकडाही पाहण्यासारखा आहे. प्रवरा नदीवरच्या या धरणाची कल्पना 1970 सालची. 26 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 85 किलोमीटरच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं, तेव्हा प्रकल्पाचा खर्च 5,177 कोटींवर पोचला होता. म्हणजे संस्थानाचे 500 कोटी पूर्ण धरले तरी दहावा हिस्सा भरत नाही. बाकीचा भार राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीवर, म्हणजे सिन्नरपासून राहुरीपर्यंतच्या 182 लाभधारक गावांसकट सगळ्याच करदात्यांवर.

या एका उदाहरणात अहिल्यानगर जिल्ह्यातले सार्वजनिक कर्जाबद्दलचे बहुतेक गैरसमज एकत्र सापडतात. पैसा कुणी दिला, कुणी घेतला, कोण फेडणार आणि निर्णय कुठे झाला, या चार प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या चार ठिकाणी असतात. बोलताना मात्र आपण सगळं 'जिल्ह्याने केलं' या एका वाक्यात गुंडाळतो.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला, 17,048 चौरस किलोमीटरचा, 14 तालुक्यांचा हा जिल्हा. पण 'जिल्हा' नावाची कर्ज काढणारी संस्थाच अस्तित्वात नाही. अमेरिकेत काउंटी असते. ती स्वतःच्या नावाने रोखे विकते, कित्येक ठिकाणी त्याआधी मतदारांचा कौल घ्यावा लागतो, आणि एखादा कारखाना आपल्याकडे यावा म्हणून काही वर्षांचा मालमत्ता कर सोडून देण्याचा ठरावही करते. आपल्याकडे हीच कामं जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत, राज्याची महामंडळं आणि सहकारी संस्था यांच्यात वाटली गेली आहेत. कुणाकडे अधिकार आहे पण पैसा नाही; कुणाकडे पैसा आहे पण अधिकार मंत्रालयात.

"झेडपीने कर्ज काढून रस्ता केला" हे वाक्य त्यामुळे बहुतेक वेळा चुकीचं निघतं. 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा आहेत, आणि कर्ज घ्यायला कायद्याची पूर्ण बंदीही नाही. 1914 चा स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियम आजही लागू आहे. अट एकच: सरकारची मंजुरी हवी. प्रत्यक्षात जिल्हा परिषदेचा संसार चालतो शासनाच्या अनुदानावर आणि थोड्याफार स्वतःच्या उत्पन्नावर, ज्याला जिल्हा परिषदेत सगळे 'सेस' म्हणतात. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, जागांची भाडी, ठेवींचं व्याज, असं ते उत्पन्न. रस्त्याच्या फलकावर जो निधी लिहिलेला असतो तो पुष्कळदा जिल्हा वार्षिक योजनेतला असतो. ती योजना मंजूर करते जिल्हा नियोजन समिती, तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. फलकावर आमदारांचा फोटो, काम झेडपीच्या बांधकाम विभागाचं, पैसा राज्याचा. कर्ज यात कुठेच नाही.

याच्या उलटा गैरसमज गावात ऐकू येतो: ग्रामपंचायतीला कुणी कर्ज देत नाही.

देतात की! आणि देणारी जिल्हा परिषदच असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम 133 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रामविकास निधी असतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या 0.25 टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे चार आणे, दरवर्षी त्यात भरायचे. गावांच्या या वर्गणीतूनच गरजू गावाला कमी व्याजाने कर्ज मिळतं. सगळ्यांनी मिळून चालवलेली ही भिशीच म्हणा ना, फक्त नंबर लागतो तो प्रस्तावावर.

या कर्जाचा ठरलेला उपयोग कोणता, ते बाजारच्या गावात एस.टी. स्टँडसमोर उभं राहिलं की दिसतं. ग्रामपंचायतीचे गाळे. खाली शटरची दुकानं, वर अर्धवट पत्र्याचा मजला, एखाद्या गाळ्यात खतांचं दुकान, शेजारी सलून, कडेला झेरॉक्सवाला. हिशेब सरळ असतो: कर्जातून गाळे बांधायचे, लिलावात अनामत घ्यायची, मासिक भाड्यातून हप्ते फेडायचे. बिघडतं ते भाड्यात. गाळा घेतलेल्याने तो परस्पर दुसऱ्याला दिलेला असतो, भाडं वर्षानुवर्षं वाढवलेलं नसतं, आणि वसुलीला गेलेल्या शिपायाला "सरपंचांशी बोलणं झालंय" असं उत्तर मिळतं. मग हप्ता थकतो, आणि निधीच अडकल्याने पुढच्या गावाचा प्रस्ताव रखडतो. कर्ज वाईट होतं असं नाही. भाडं मागायची हिंमत कमी पडली.

जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे नगर (आताच्या अहिल्यानगर) शहराकडे वळलं की भाषा बदलते, तिथे रोख्यांची गोष्ट निघते. "पुण्याने रोखे काढले, नगरने का काढू नयेत?" हा प्रश्न वाजवी आहे, पण त्यामागे एक चुकीची समजूत दडलेली असते: रोखे म्हणजे फुकटचा पैसा. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे दहा वर्षांचे रोखे मुंबई शेअर बाजारात नोंदवले, व्याज 7.59 टक्के. घंटा वाजवण्याचा समारंभ झाला, फोटो आले. पुढे योजनेच्या निविदाच रद्द झाल्या. काम रखडलं आणि उभा केलेला पैसा पडून राहिला. व्याज मात्र ठरल्या तारखेला द्यावंच लागलं. त्यावर टीका झाली ती योग्यच होती. कर्जाची तारीख पुढे ढकलता येत नाही, निविदेची येते.

रोखे विकायचे तर आधी पतमानांकन लागतं, लेखे वेळेवर तपासलेले लागतात, आणि मालमत्ता कराची वसुली दाखवावी लागते, कारण रोखेधारकांचा पहिला हात त्याच पैशावर असतो. 2003 साली नगरपालिकेची महापालिका झालेल्या, 2011 च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या नगर शहराची अडचण तिथेच आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि 2017 पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईचं अनुदान सुरू झालं. 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ, अशी ती भरपाई. म्हणजे शहराचं एक मोठं उत्पन्न आता दर महिन्याला राज्याकडून येणाऱ्या रकमेवर अवलंबून आहे. स्वतःच्या हातात उरला तो मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी.

त्या करावर थकबाकीदारांना दरमहा दोन टक्के शास्ती लागते, वर्षाला चोवीस टक्के. आणि महापालिका अधूनमधून शास्तीमाफी जाहीर करते. "महापालिकेने कर माफ केला" अशी बातमी गल्लीत पसरते ती इथून. कर एक रुपयाही माफ झालेला नसतो, फक्त दंडात सूट असते. पण या सवलतीचा फायदा फक्त थकवणाऱ्याला होतो, आणि एप्रिलमध्येच पावती फाडणारा माणूस कपाळाला हात लावून बसतो. उद्योगांच्या सवलतींवर आपण तावातावाने बोलतो. ही घरगुती सवलत कुणाच्या चर्चेतही येत नाही.

मोठ्या योजनांत स्थानिक संस्थेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, आणि तो नसतो तेव्हा कर्ज येतं. शेजारचं छत्रपती संभाजीनगर पाहा. तिथल्या पाणीपुरवठा योजनेतल्या महापालिकेच्या हिश्शासाठी 822 कोटींचं कर्ज हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून घेण्याचा निर्णय 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळात झाला. पाणी शहराचं, निर्णय मुंबईचा.

आता साखर. या जिल्ह्यात सार्वजनिक पैशाची चर्चा उसाला शिवल्याशिवाय पूर्ण होत नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने 1950-51 च्या हंगामात पहिलं गाळप केलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगात शेतकऱ्यांच्या भागभांडवलाला तेव्हाच्या मुंबई सरकारने हातभार लावला होता. तेव्हापासून सरकार आणि कारखाना यांच्यातली रेघ इतकी पुसट झाली, की कारखान्याचं कर्ज हे सरकारचं कर्ज आणि जिल्हा बँक ही सरकारी बँक, असंच पुष्कळांना वाटतं. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक सरकारची नाही. तिच्या मालक सभासद संस्था, विकास सोसायट्यांपासून पुढे. संचालक निवडून येतात आणि बँकिंगपुरता अंकुश रिझर्व्ह बँकेचा.

'सरकारने कारखान्याला पैसे दिले' हेही जपून बोलावं लागतं. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 13 सहकारी कारखान्यांच्या सुमारे 1,900 कोटींच्या कर्जाला हिरवा कंदील दिला. त्यात अकोल्याचा अगस्ती, श्रीगोंद्याचा नागवडे, पाथर्डीचा वृद्धेश्वर, नेवाशाचा ज्ञानेश्वर आणि श्रीरामपूरचा अशोक हे आपल्या जिल्ह्यातले. पैसा देणार राष्ट्रीय सहकार विकास निगम; राज्याने दिली ती हमी. कारखान्याने हप्ते भरले तर राज्याच्या खिशातून काही जात नाही. भरले नाहीत, तर जातं. हमी देताना तिजोरीतून पैसा बाहेर पडत नाही, म्हणून ती फुकट वाटते. अंदाजपत्रकात ती खर्चात दिसत नाही आणि सभेत कुणी विचारत नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेतल्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जतला कुकडी प्रकल्पाचं पाणी देणारं महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 मध्ये उभं राहिलं, तेही अशाच हमीवर बाजारात कर्जरोखे विकून. आवर्तनाच्या वेळी 'टेल टू हेड' वरून, म्हणजे पाणी आधी कालव्याच्या शेवटच्या टोकाला द्यायचं यावरून, भांडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या कालव्यामागे रोखेधारकही होते?

राहिला उद्योगांच्या सवलतींचा प्रश्न. सुपे औद्योगिक वसाहतीत नवी शेड उभी राहिली, की पारनेर तालुक्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: "कंपनीला जिल्ह्याने सगळं माफ केलं," आणि "ग्रामपंचायतीला काहीच मिळत नाही." पहिलं चूक, दुसरं अर्धवट.

मोठ्या सवलती देणारी योजना राज्याची आहे, सामूहिक प्रोत्साहन योजना, 1964 पासून नवनव्या रूपांत चालत आलेली. 2019 च्या योजनेत तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट होते. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. राज्य वस्तू व सेवा कराचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी, लहान उद्योगांना व्याजात सवलत, असा तिचा साचा. मुख्य म्हणजे कराचा परतावा आधी मिळत नाही. कारखाना सुरू करा, कर भरा, पात्रता प्रमाणपत्र घ्या, मग दावा करा, आणि केलेल्या गुंतवणुकीच्या ठराविक मर्यादेपर्यंतच परत मिळेल. लहान उद्योजकाला तर हा परतावा कधी हातात पडेल याची वाट पाहत खेळतं भांडवल व्याजाने आणावं लागतं. जमीन देतं ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. जिल्ह्यातलं जिल्हा उद्योग केंद्र अर्ज घेतं, तपासतं, पुढे पाठवतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, तिच्यात विषय असतात पथदिवे, सांडपाणी, खड्डे आणि वीज.

जिल्ह्यातूनच जी मदत खऱ्या अर्थाने हलते ती छोट्यांची. 2019 पासूनच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाच्या प्रकल्पाला 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं. इथेही गैरसमज ठरलेला: अनुदान हातात येतं. येत नाही. ते बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात, आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जखात्यात वळतं करतात.

ग्रामपंचायतीचं काय? कायद्यातलं कलम 125 फार कमी सरपंचांच्या तोंडी असतं. गावाच्या हद्दीतल्या कारखान्याशी करार करून, सगळ्या किंवा काही करांच्या बदल्यात ठोक अंशदान घेण्याची मुभा ते ग्रामपंचायतीला देतं. उद्योगाला दिलासा देण्याचा किंवा त्याच्याकडून ठणकावून घेण्याचा, खरोखर गावपातळीवरचा असा हा निर्णय आहे. ठोक रक्कम कमी ठरली तर गावाने न मागता सवलत दिली असं होतं, आणि कराराची मुदत संपल्याचं लक्षातच आलं नाही तर तीच जुनी रक्कम चालू राहते. ती किती आहे हे शोधायला मंत्रालय गाठावं लागत नाही. नमुना 8 मध्ये त्या शेडची आकारणी असते, नमुना 9 मध्ये मागणी आणि वसुली. दोन्ही रजिस्टरं ग्रामपंचायतीच्या कपाटात असतात. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची आणि डिसेंबर 2023 अखेर महापालिकेची मुदत संपून दोन्हीकडे प्रशासक आले. सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही, तेव्हाही ग्रामसभा मात्र भरतच होत्या.