परभाषा आणि चेहऱ्याचे व्याकरण

परभाषा शिकायची म्हटली की आपण व्याकरण घेतो, शब्दकोश घेतो, उच्चार घोटतो. पण माणूस बोलतो तो नुसत्या तोंडाने नव्हे, चेहऱ्यानेही. आणि चेहऱ्याचे व्याकरण क्रमिक पुस्तकात सहसा सापडत नाही. त्यामुळे घोटाळा कसा होतो, ते जपानी भाषेच्या उदाहरणाने पाहू. पुण्यात ती शिकणारी मुलेमुली पुष्कळ आहेत, तेव्हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

लाफ्काडियो हर्न हे लेखक १८९० साली जपानात गेले आणि मात्सुए गावी इंग्रजी शिकवू लागले. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात जपानी हास्यावर एक प्रकरण आहे. त्यात योकोहामातल्या एका परदेशी बाईंची हकीकत येते. त्यांची मोलकरीण हसतमुखाने आली आणि नवरा वारल्याचे सांगून अंत्यविधीसाठी रजा मागू लागली. बाईंना वाटले, हे काळीज आहे की दगड! हर्न यांचा खुलासा असा, की आपल्या दुःखाचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून ते हसू होते. एकीची सभ्यता दुसरीला निर्दयपणा वाटली.

पुढे एकमन आणि फ्रीझन या अमेरिकन संशोधकांनी जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना मन अस्वस्थ करणारे चित्रपट दाखवले. १९७२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: एकटे असताना दोघांचे चेहरे सारखेच बदलत, संशोधक शेजारी बसला की जपानी विद्यार्थी नापसंती हसण्याआड झाकत. म्हणजे भावना तीच, ती कुणासमोर दाखवायची याचा रिवाज मात्र वेगळा.

हा रिवाज व्याकरणातही उतरतो बरं का! जपानीत ‘कनाशी’ म्हणजे दुःखी. हा शब्द स्वतःपुरता सरळ वापरता येतो. दुसऱ्याबद्दल मात्र ‘कनाशिसो’, म्हणजे ‘दुःखी दिसतो’, असे काहीतरी म्हणावे लागते. दुसऱ्याच्या मनात शिरून आपण कसे सांगणार? मराठीत आपण ‘तो दुःखी आहे’ असे बेलाशक म्हणतो, म्हणून आपला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. नियम पाठ करून भागत नाही. त्यामागची मनाची ठेवण समजावून द्यावी लागते.

‘हाय’ या शब्दाचेही तसेच. कोशात अर्थ ‘होय’. पण ऐकता ऐकता जपानी माणूस वारंवार ‘हाय’ म्हणतो, तो पुष्कळदा नुसता हुंकार असतो. गोष्ट ऐकताना आपणही ‘हं, हं’ करतोच की! त्या हुंकाराला संमती समजून कुणी व्यवहार ठरला असे मानले, तर पुढे पस्तावायची पाळी येते.

आता शिक्षकाने काय करावे? शब्दाबरोबर प्रसंग शिकवावा: हे कोण, कुणाला, कशा चेहऱ्याने म्हणतो? संवाद नुसते वाचून न घेता करवून घ्यावेत. आणि वर्गात परदेशी विद्यार्थी असेल, तर त्याच्या चेहऱ्यावरून निकाल देऊ नये. तो हसला म्हणजे त्याला समजले, गप्प राहिला म्हणजे त्याला गोडी नाही, असे नव्हे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला मान सगळेच डोलावतात. त्यापेक्षा ‘हेच तुमच्या शब्दांत सांगा पाहू’ म्हणावे.

शब्द चुकला तर ऐकणारा सांभाळून घेतो. व्याकरणाची चूक तो हसून सोडतो. पण भावना चुकीची वाचली गेली, तर भाषेला बोल न लागता माणसालाच लागतो. म्हणून भाषेच्या वर्गात चेहऱ्याचाही एक पाठ असावा.