जुन्या स्पोर्ट्स कारची शक्ती वाढते कशी?

चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एकेकाळी मोटार शर्यती रंगत. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची 'हेराल्ड' मोटारही इंजिनात फेरफार करून तेथे उतरवली जाई.

इंजिनाची शक्ती वाढवणे म्हणजे त्याला अधिक हवा व इंधन पुरवणे. ब्रिटनमध्ये 1962 साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार हेराल्डवरच बेतलेली होती. तेथील हेराल्डमध्ये 1147 सीसीचे इंजिन सुमारे 39 अश्वशक्ती देत असे. स्पिटफायरमध्ये त्यानेच 63 अश्वशक्ती दिली. दोन कार्बोरेटर, वाढवलेले कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट ही त्याची कारणे होत.

मात्र कॉम्प्रेशन व उष्णता वाढल्यास इंधन अवेळी पेटून पिस्टन निकामी होऊ शकतो. चेन्नईच्या उन्हाळ्यात हा धोका अधिक असतो. म्हणून रेडिएटर व ब्रेक यांची क्षमता आधी वाढवणे आवश्यक ठरते.

उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे अशा मोटारींसाठी रस्त्यापेक्षा श्रीपेरुंबुदूरजवळील शर्यतीचा ट्रॅक हेच योग्य ठिकाण आहे.