गांवचें दफ्तर व विद्यापीठांतील समाजसंशोधन

इतिहासाचीं साधनें जमविणाऱ्या मंडळांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. राज्यें लयास गेलीं, लढाया संपल्या, तहांचे व मोहिमांचे कागद छापून झाले. आतां कुळकर्ण्यांच्या घरांतील पट्ट्या, झाडे आणि ताळेबंद जमवून काय साधणार? उलट पक्षीं, विद्यापीठांत अर्थशास्त्र व समाजशास्त्र ह्यांचें अध्ययन करणारे कित्येक तरुण असें समजतात कीं, आपलें शास्त्र वर्तमानाचें. मोडी कागदांशीं आपणांस कांहीं कर्तव्य नाहीं. हे दोन्ही समज एकाच चुकींतून निघालेले आहेत, असें आम्हांस वाटतें. गांवच्या जुन्या दफ्तरावांचून समाजशास्त्राचा सिद्धांत अधांतरीं राहतो, आणि समाजशास्त्राच्या प्रश्नांवांचून तें दफ्तर मुकें राहतें, हें कांहीं प्रत्यक्ष उदाहरणांवरून दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम विद्यापीठांतील ह्या शाखांची घडण पाहूं. मुंबई विद्यापीठ इ. स. १८५७ त लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. परीक्षा घेणें व पदव्या देणें हेंच त्याचें आरंभीचें काम होतें. त्यामुळें संशोधन हें पुष्कळ काळ व्यक्तींच्या व मंडळांच्या उत्साहावर अवलंबून राहिलें. राजवाड्यांनीं १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड काढला आणि १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांत पुढाकार घेतला. तीं दोन्ही कामें विद्यापीठाच्या कक्षेबाहेरचीं होतीं. मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग १९१९ त निघाला. पॅट्रिक गेडीस हे त्याचे पहिले प्राध्यापक होत. १९२४ पासून ती धुरा गो. स. घुर्ये ह्यांजकडे आली. पुण्यास १९३० त गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, १९३९ त डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, आणि १९४९ त पुणें विद्यापीठ स्थापन झालें. डेक्कन कॉलेजांत भाषाशास्त्राचे कत्रे, पुरातत्त्वाचे सांकळिया, मराठ्यांच्या इतिहासाचे शेजवलकर व समाजशास्त्राच्या इरावतीबाई कर्वे हीं मंडळी एकाच आवारांत होतीं. तथापि एका आवारांत बसणें निराळें व एकच कागद पुढें घेऊन विचार करणें निराळें. हें दुसरें काम अद्यापि थोडेंच झालें आहे. त्याची आवश्यकता किती, हें पुढील उदाहरणावरून कळून येईल.

पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर ह्या गांवाची पाहणी केली व ती १९१७ त मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेंत प्रसिद्ध झाली. दुसरी पाहणी जातेगांव बुद्रुक ह्या गांवाची. ती मान व कानिटकर ह्यांनीं मिळून लिहिली व १९२१ त प्रसिद्ध झाली. जमीन, पाणी, पिकें, गुरें, कर्ज, मजुरी ह्या सर्वांचा घरोघर जाऊन घेतलेला असा हिशेब आपल्याकडे त्यापूर्वीं क्वचितच झाला होता. पिंपळे सौदागर येथें १५६ जमीनमालकांचे ७१८ तुकडे होते व त्यांपैकीं ४६३ तुकडे एका एकराहूनहि लहान होते, असें त्यांस आढळलें.

परंतु मान ह्यांचा विशेष असा कीं, ते वर्तमानाच्या पाहणीवर थांबले नाहींत. गांवच्या जुन्या कागदांवरून त्यांनीं मागील काळाचाहि अंदाज बांधला. त्यांच्या हिशेबाप्रमाणें दर खातेदाराची सरासरी जमीन १७७१ त ४० एकर होती. १८१८ त ती १७॥ एकर झाली. १८२० ते १८४० ह्या काळांत १४ एकर, आणि १९१४-१५ त अवघी ७ एकर राहिली. हे आंकडे पुढें हिंदुस्थानच्या शेतीवरील अनेक ग्रंथांतून उद्धृत झाले आणि जमिनीचे तुकडे कसे पडत गेले ह्याचें प्रमाण म्हणून एका लहानशा गांवाचें नांव सर्वत्र झालें.

आतां इतिहाससंशोधकानें ह्या कोष्टकापुढें तीन प्रश्न ठेवावयास हवेत.

पहिला प्रश्न मापाचा. १७७१ त पुणें प्रांतीं एकर नव्हता; एकर व गुंठा हीं मापें इंग्रजी मोजणीबरोबर आलीं. त्या वेळचे कागद बिघे व चावर ह्यांत बोलतात. सभासदाच्या बखरींत मापाची रीत दिली आहे, ती अशी: पांच हात व पांच मुठी ह्यांची एक काठी; वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा; आणि १२० बिघ्यांचा एक चावर. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, बिघा हा काठीच्या वर्गावर अवलंबून असतो. काठी एकदशांशानें लांब धरली, तर बिघा शेंकडा २१ नीं मोठा होतो. सबब प्रांतोप्रांतीं व गांवोगांवीं काठींत जो लहानसा फरक असे, तो क्षेत्रफळांत जवळजवळ दुप्पट होऊन उतरतो. काठी कोणती हें न पाहतां बिघ्यांचे एकर केले, तर अर्थशास्त्रज्ञाची सरासरी कितीहि काळजीपूर्वक काढलेली असली तरी तिचा पाया डळमळीत राहतो.

दुसरा प्रश्न काळाचा. गांवचे हिशेब मृगसालाप्रमाणें चालत; वर्ष ज्येष्ठाच्या सुमारास, मृग लागतांच, पालटे. 'इसन्ने सबैन मया व अलफ' असा सन कागदावर असला, तर तो शुहूर सन ११७२ होय. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांस त्यांत ५९९ व जानेवारीपासून पुढें ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. अर्थात् हा कागद १७७१-७२ चा ठरतो. एका वर्षाची चूक राजकीय इतिहासांत कदाचित् खपून जाईल. परंतु एक वर्ष सुकाळाचें व दुसरें अवर्षणाचें असलें, तर लागवडीच्या कागदांत तीच चूक सर्व निष्कर्ष उलटा करील.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो 'खातेदार' ह्या शब्दाचा. जुन्या गांवकीच्या कागदांत मिरासी जमीन पुष्कळदां थळाच्या नांवें लाविलेली असे, आणि थळास मूळच्या मिरासदार घराण्याचें नांव चाले. एका थळावर भाऊबंदांचा सबंध जथा नांदे व वडील घराच्या नांवें सरकारसारा भरला जाई. तेव्हां १७७१ च्या कागदांतील एक नांव म्हणजे एक कुटुंब कीं अनेक कुटुंबांचा जथा? नांव जथ्याचें असेल, तर ४० एकर ही एका घराची जमीन नव्हे. मग पुढें दिसणारी घट कांहीं अंशीं जमीन तुटल्याची असेल व कांहीं अंशीं नांवें निराळीं लिहिलीं गेल्याची असेल. येथें भाऊबंदकीचें शास्त्र, म्हणजे कुलसंबंधांचा अभ्यास, अर्थशास्त्राच्या मदतीस आला पाहिजे. इरावतीबाईंनीं हिंदुस्थानांतील आप्तसंबंधांवर जो ग्रंथ १९५३ त प्रसिद्ध केला, त्या प्रकारच्या ज्ञानावांचून सरासरीचा भाजक काय धरावा हें ठरत नाहीं.

ह्या प्रश्नांचें मोल किती, हें त्याच कोष्टकाच्या अंकगणितावरून दिसतें. १७७१ पासून १८१८ पर्यंतच्या ४७ वर्षांत सरासरी २२॥ एकरांनीं उतरली. त्यानंतरच्या सुमारें ९७ वर्षांत १०॥ एकरांनीं. म्हणजे आंकडे जसेच्या तसे मानले, तर मोठी घट इंग्रजी अंमलापूर्वींच झाली. जमिनीचे तुकडे पडणें हें केवळ परकीय राज्यपद्धतीचें फळ, असें म्हणण्यास हेंच कोष्टक आड येतें. उलट, ह्याच ४७ वर्षांत पुणें प्रांतानें काय सोसलें तें इतिहासज्ञांस ठाऊक आहे. ऑक्टोबर १८०२ त हडपसरास यशवंतराव होळकरांचा जय झाला, मुलूख लुटला गेला, आणि १८०३-०४ त भयंकर दुष्काळ पडला. माणसें मेलीं व परागंदा झालीं. माणसें कमी झालीं असतां दर माणशीं जमीन वाढावयास हवी. कोष्टकांत ती निम्म्याहून कमी झालेली आहे. ह्याचा अर्थ एक तर पडीत जमीन हिशेबांतून गळाली, किंवा जथ्यांचीं नांवें फुटून कुटुंबांचीं नांवें आलीं, किंवा शहराच्या आसऱ्यास आलेले लोक ह्या गांवीं वसले. ह्यांतील कोणतें खरें, हें आंकडेशास्त्र एकटें सांगूं शकत नाहीं. दोन्ही काळचे कागद शेजारीं मांडून नांवानिशीं ताडून पाहणें, हा एकच मार्ग आहे. आणि तो मोडी वाचणाऱ्याच्या हातांतून जातो.

ह्यावरून दफ्तरानें समाजशास्त्रास केवळ अडचणींत घालावें असा आमचा भाव आहे, असें कोणी समजूं नये. दफ्तर सिद्धांतास सुधारूनहि देतें. डब्ल्यू. एच. वायझर ह्या अमेरिकन मिशनऱ्यानें उत्तर हिंदुस्थानांतील एका गांवाच्या पाहणीवरून १९३६ त जजमानी पद्धतीचें वर्णन प्रसिद्ध केलें. सुतार, न्हावी, धोबी हे ठराविक कुटुंबांशीं वंशपरंपरेनें बांधलेले असतात व त्यांजकडून धान्य घेतात, असा त्याचा आशय. पुढें हिंदुस्थानांतील यच्चयावत् गांवांस हें वर्णन लावण्याची वहिवाट पडली. महाराष्ट्रांतील बारा बलुतेहि मग जजमानीचाच एक प्रकार ठरले.

जपानांतील हितोत्सुबाशी विद्यापीठाचे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक हिरोशी फुकाझावा ह्यांनीं १९७२ त हा प्रश्न पेशवेकालीन कागदांवरून तपासला. बलुत्याच्या हक्काचे तंटे, निवाडपत्रें व महजर ह्यांवरून त्यांनीं असें दाखविलें कीं, अठराव्या शतकांतील महाराष्ट्रांत बलुतेदार हा मूलतः सबंध गांवाचा सेवक होता. त्याचें वतन गांवचें असे व त्याचा हक्क गांवच्या पिकावर असे. वतन ह्या शब्दाचा अर्थ ज्यास कागदांच्या संदर्भांतून उमगला नाहीं, त्यास हा भेद दिसणें शक्य नव्हतें. त्र्यंबक नारायण आत्रे ह्या मुलकी खात्यांतील अधिकाऱ्यानें 'गांवगाडा' हा ग्रंथ १९१५ त लिहून बलुत्या-आलुत्यांचें वर्णन मराठींत आधींच केलें होतें. आपल्या भाषेंतील अनुभवी माणसाचें पुस्तक आणि आपल्याच प्रांताचें दफ्तर हीं दोन्ही हाताशीं असतां परप्रांतावरून बनविलेला सांचा आम्हीं स्वीकारावा आणि जपानी विद्वानानें तो दुरुस्त करावा, ह्यांत आम्हांस बोध घेण्यासारखें पुष्कळ आहे.

तिसरें उदाहरण थोडक्यांत सांगतों. पुण्याच्या रेसिडेन्सींतील डॉक्टर टॉमस कोट्स ह्यांनीं पेशवाई संपतांच लोणी ह्या गांवाची माहिती मिळविली. ती मुंबईच्या लिटररी सोसायटीनें १८२३ त छापली. गांवकऱ्यांचीं घरें, अन्नवस्त्र, सण व कर्ज ह्यांचें वर्णन त्यांत आहे. घुर्ये ह्यांनीं त्याच गांवाची, म्हणजे नगर रस्त्यावरील लोणीकंदाची, पुन्हां पाहणी करून आपला तुलनात्मक ग्रंथ १९६० त प्रसिद्ध केला. पहिली पाहणी जपून ठेवली गेली म्हणूनच दुसरी शक्य झाली. समाजशास्त्रास प्रयोगशाळा नसते असें म्हणतात; आमच्या मतें दोन काळीं पाहिलेलें एकच गांव ही त्याची प्रयोगशाळा होय, आणि पहिल्या निरीक्षणाची नोंद बहुधा कुळकर्ण्याच्या रुमालांतच असते.

आज ही गोष्ट निकडीची झाली आहे. पिंपळे सौदागर आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. तेथें पुन्हां जाऊन बांध व विहिरी पाहण्याची सोय उरलेली नाहीं. त्या गांवाची साक्ष देणारे आतां कागदच. रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत पेशवे दफ्तरांतून निवडून ४५ खंड छापले, हें उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु त्या निवडींत राजकीय पत्रव्यवहारास साहजिकच प्राधान्य मिळालें. गांवोगांवच्या हिशेबांचा फार मोठा भाग अद्यापि रुमालांत बांधलेलाच आहे. तो वाचणारे मात्र, शाळांतून मोडी गेल्यामुळें, दर पिढीस कमी होत आहेत.

सबब ह्या क्षेत्रांत काम करणाऱ्यांस आमच्या चार सूचना आहेत. गांवचा रुमाल मिळाल्यास त्यांतील सनदा व महजर तेवढे निवडून पट्ट्या टाकून देऊं नयेत. एका वर्षाची पट्टी निरुपयोगी दिसते, परंतु चाळीस वर्षांच्या पट्ट्या सलग मिळाल्या म्हणजे गांवाचा इतिहास होतो. कागद ज्या क्रमानें बांधलेले असतील, तो क्रम मोडण्यापूर्वीं टिपून ठेवावा. जुन्या आंकड्यांचें कोष्टक छापतांना मूळचे बिघे, सन व नांवें जशींच्या तशीं देऊन मगच एकर व इसवी सन द्यावे, म्हणजे पुढच्यास चूक शोधतां येईल. आणि विद्यापीठांतील अर्थशास्त्र व समाजशास्त्र ह्यांच्या संशोधकांस मोडीचा परिचय व इतिहासाच्या संशोधकांस आंकडेशास्त्राचा परिचय अभ्यासक्रमांतूनच करून द्यावा.

पिंपळे सौदागरच्या कोष्टकांत चार ओळी आहेत. त्या चार ओळींचा अर्थ लावण्यास मोजणी, पंचांग, भाषा, कुलसंबंध, राजकीय इतिहास व अर्थशास्त्र ह्या सर्वांची गरज पडते, हें वर दाखविलेंच आहे. विद्यापीठानें सोयीसाठीं ह्या विषयांच्या निराळ्या खोल्या केल्या आहेत. गांवच्या कुळकर्ण्यानें ते सर्व एकाच कागदावर लिहून ठेवले होते. तो कागद वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं ज्या कोणास मिळेल, त्यानें तो जवळच्या संशोधनसंस्थेकडे पोंचता करावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.