समजून घ्या : ड्रायसूटची हवा कोणत्या सिलिंडरमधून?

काय होते?
अंजनगाव सुर्जीतली ३३ फूट पाण्याने भरलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. तळाशी, म्हणजे १० मीटरवर, दाब दुप्पट होतो. ड्रायसूटमधली हवा निम्मी होऊन सूट अंगाला आवळतो. म्हणून त्यात हवा सोडावी लागते.

हवा कुठून?
सहसा श्वासाच्याच सिलिंडरमधून. हेलियममिश्रित वायू वापरणारे मात्र सूटसाठी छोटा स्वतंत्र सिलिंडर घेतात. हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो.

धोका कुठे?
संकटासाठीचा राखीव सिलिंडर सूटला जोडला, तर तो बुडी मारताना थोडा थोडा रिता होतो. झडप अडकली, तर झपाट्याने. ऐनवेळी श्वासाला हवा अपुरी पडू शकते.

तारकर्लीत काय?
तिथले पाणी कोमट. ड्रायसूटची गरज नाही.