निबंध किती, औषध कोणते?

औषधशोधातल्या संशोधकाचे मोठेपण शोधनिबंधांच्या संख्येने मोजायचे, तर चीनच्या थू यूयू नापासच व्हायच्या. 1971 मध्ये त्यांच्या गटाने उकळण्याऐवजी कमी तापमानावर इथर वापरून छिंगहाव या वनस्पतीचा अर्क काढला आणि तो उंदरांच्या हिवतापावर गुणकारी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध मिळाले. त्याच्या रचनेवरचा 1977 चा निबंध मात्र गटाच्या नावाने छापला गेला. व्यक्तीचे नाव मिरवायची तेव्हा तिथे रीत नव्हती. डॉक्टरेट नसलेल्या थूंना 2015 चे नोबेल मिळाले. कोणी म्हणेल, हा अपवाद. निबंधांशिवाय दावा पडताळायचा कसा? आक्षेप रास्त आहे, निबंध हवेतच. पण मोजदाद म्हणजे पडताळणी नव्हे. निवड समित्यांनी यादीची लांबी सोडून विचारावे: संशोधकाने शोधलेल्या रेणूचा परिणाम दुसऱ्या प्रयोगशाळेतही दिसला का?