पैसा कोणाचा, अटी कोणाच्या?

पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गात बीजिंगमध्ये मुख्यालय असलेल्या बँकेचे कर्ज आहे, असे आमच्या निडीत सांगितले की हमखास विचारले जाते, "म्हणजे चीनचाच पैसा ना?" या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. करारांचे जाहीर तपशील मिळवायचे आणि वाचायचे, एवढीच माझी पद्धत. त्या वाचनातून या प्रश्नाचे उत्तर शोधू.

2013 साली शी जिनपिंग यांनी 'बेल्ट अँड रोड' योजना जाहीर केली. बंदरे, रेल्वे, वीजकेंद्रे यांसाठी चिनी बँकांनी कर्जे दिली. कामे बहुधा चिनी कंपन्यांनाच मिळाली. बीजिंगच्या मते हे परस्परहिताचे सहकार्य. दिल्लीचा आक्षेप सार्वभौमत्वाचा आहे. पाकिस्तानातील मार्गिका गिलगिट-बाल्टिस्तानातून जाते, म्हणून मे 2017च्या बीजिंग परिषदेला भारत गेला नाही. त्याच वर्षी ब्रह्म चेलानी यांनी 'कर्जसापळा' ही कल्पना मांडली आणि वॉशिंग्टनने ती उचलून धरली. केनियात मोंबासा-नैरोबी रेल्वेचे स्वागत झाले आणि करार गुप्त ठेवल्याबद्दल ओरडही झाली.

सापळ्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे श्रीलंकेतील हंबनटोटा. 2017मध्ये ते बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. पण मिळालेले 1.12 अब्ज डॉलर परकीय चलनाच्या गंगाजळीत जमा झाले. बंदराचे कर्ज त्यामुळे माफ झाले नाही. यावर बोट ठेवून डेबोरा ब्राउटिगम यांच्यासारख्या अभ्यासकांनी सापळ्याची कल्पना नाकारली. तरी 99 वर्षे हा काळ लहान नाही, हेही खरेच. मलेशियाचा अनुभव निराळा. महाथीर यांनी 2018मध्ये पूर्व किनाऱ्यावरील रेल्वेचे काम थांबवले आणि पुढच्या वर्षी खर्च 65.5 अब्ज रिंगिटवरून 44 अब्जांवर आणला. म्हणजे घासाघीस करणाऱ्या ऋणकोला वाव असतो.

आता पनवेलकडे येऊ. जून 2020मध्ये गलवानला आपले 20 जवान हुतात्मा झाले. चिनी ॲपवर बंदी आली. आणि त्याच ऑगस्टमध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेशी 50 कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. मुदत 30 वर्षे, पहिली पाच वर्षे मुद्दलाला सवलत. पनवेल-कर्जत मार्ग याच टप्प्यातला.

ही विसंगती वाटेल; पण ही बँक 'बेल्ट अँड रोड'चा भाग नाही. ती अनेक देशांची आहे. चीनकडे सुमारे 26 टक्के मते आहेत आणि महत्त्वाचे ठराव रोखण्याइतके बळही. मात्र दुसरा मोठा भागधारक भारतच आहे. धोरण ठरवणाऱ्या टेबलावर आपली खुर्ची आहे. हंबनटोटाच्या वेळी श्रीलंका एकटी समोर बसली होती.

अटी मित्राच्याही असतात. बुलेट ट्रेनसाठी जपानने 0.1 टक्का व्याजाने 50 वर्षांचे कर्ज देऊ केले, पण तंत्रज्ञान जपानी घेण्याचे ठरले. म्हणून धनकोचा झेंडा पाहून निकाल देण्याची घाई नको. व्याज किती, ठेका कोणाला, हप्ता थकला तर काय जाणार आणि करार लोकांना वाचायला मिळतो का, हे चार प्रश्न प्रत्येक प्रकल्पाला विचारावेत. परतफेड शेवटी आपल्याच करातून होणार आहे.